चूर्णाची डबी आणि जेवणाचा डबा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भोसरीतल्या माझ्या दवाखान्यात रात्री नवाच्या सुमारास, शेवटचे दोन-तीन पेशंट उरले असताना, एक गृहस्थ पायाला फडके गुंडाळून लंगडत आले. वय बेचाळीस. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये कामाला. सहा वर्षांपासून मधुमेह आणि सहा वर्षांपासून माझेच पेशंट. पण मधले आठ महिने फिरकले नव्हते. फडके सोडले. उजव्या पायाच्या करंगळीला जखम होती. सेफ्टी शूजने घासून झालेली, तीन आठवड्यांची, आणि आता काळी पडत चाललेली. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली. ४१२.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या, डॉक्टरसाहेब. आयुर्वेदिक चालू केलंय."

बरोबर आलेल्या त्यांच्या पत्नीने पिशवीतून एक प्लॅस्टिकची डबी काढून टेबलावर ठेवली. आत हिरवट-तपकिरी चूर्ण. डबीवर लेबल नाही, कंपनीचे नाव नाही, घटक नाहीत. अशा वेळी डॉक्टर माणसाच्या तोंडात एक ठराविक भाषण तयार असते. तेच मी सुरू केले. आवाजही चढला असावा. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि मग शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, त्या माणसानं आम्हाला अर्धा तास बसवून विचारलं. जेवता कधी, झोपता कधी, पाळी कोणती, रात्री काय खाता. तुम्ही सहा वर्षांत एकदा तरी विचारलंत का?"

वाचकहो, मी विचारले नव्हते.

मग मी खुर्ची जवळ ओढली आणि विचारायला सुरुवात केली. जे कळले ते असे. महिन्यातले दहा-बारा दिवस या गृहस्थांना तिसरी पाळी असे. रात्री बाराला आत, सकाळी सातला बाहेर. आठला घरी. माझ्या चिठ्ठीवर लिहिलेले, 'सकाळी नाश्त्यापूर्वी एक'. ते इमानदारीने आठ वाजता गोळी घेत, एक कप चहा आणि दोन खारी खात आणि पडदे ओढून झोपत, ते थेट दुपारी दोनपर्यंत. ती गोळी ग्लिमेपिराइडची. ही गोळी पोटात अन्न येवो न येवो, साखर खाली ओढते. नाश्ता आणि दुपारचे जेवण करणाऱ्या माणसासाठी ती ठीक. गोळी घेऊन उपाशीपोटी सहा तास झोपणाऱ्याची साखर अकरा-साडेअकरालाच तळाला जाणार. घाम फुटायचा, छाती धडधडायची, भलतीसलती स्वप्ने पडायची, उठल्यावर डोके जड. घरचे म्हणत, वर पत्रा आहे, उकाड्याने होत असेल. एके दिवशी दुपारी हलवूनही धड जाग येईना. शेजारणीने साखरपाणी पाजले तेव्हा डोळे उघडले. त्या दिवसापासून त्यांनी गोळीचा धसका घेतला. आणि कुणाच्या तरी ओळखीने ही डबी घरात आली.

पायाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी मला जे म्हणायचे आहे ते म्हणून घेतो. त्या चूर्णवाल्याने विचारलेले प्रश्न हा आयुर्वेद होता. त्याने विकलेली डबी हा आयुर्वेद होता की नाही, देव जाणे. आपल्या या औद्योगिक पट्ट्यात आज आयुर्वेदाच्या नावाने डबीच जास्त खपते, आणि प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. आम्ही ॲलोपॅथीवाले तर नाहीच नाही.

मी स्वतः एम.बी.बी.एस. आयुर्वेद मला कॉलेजात कुणी शिकवला नाही. माझा शाळेपासूनचा एक मित्र मात्र वैद्य आहे. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयात शिकलेला. या प्रसंगानंतर एका रविवारी मी त्याच्याकडे जाऊन बसलो आणि म्हणालो, तुमचा चरक जेवणाबद्दल काय म्हणतो ते मला सांग. औषधे नकोत, फक्त जेवण. एका रविवारचे चार रविवार झाले.

चरकसंहितेत विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार करताना आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. पदार्थाचा मूळ स्वभाव, त्याच्यावर झालेला संस्कार म्हणजे शिजवणे-भिजवणे, कशाबरोबर काय खाल्ले, किती खाल्ले, कुठल्या प्रदेशात, कुठल्या वेळी, कसे बसून कसे खाल्ले, आणि खाणारा कोण. जरा मोजून पाहा. 'काय खावे' याला आठातली एक-दोनच घरे मिळाली आहेत. बाकी सगळे किती, केव्हा, कसे आणि कोणी. आणि आपण दवाखान्यात येऊन काय विचारतो? "डॉक्टर, कारल्याचा रस चालेल का? मेथ्या किती भिजवू? जांभळाच्या बियांची पूड आणू का?" सगळे प्रश्न 'काय' चे.

दुसरी गोष्ट मला फार पटली. चुकीच्या जेवणाला आयुर्वेदाने नावे दिली आहेत. अवेळी खाणे, कधी पोटभर तर कधी अगदीच थोडे, याला विषमाशन म्हणतात. आधीचे पचायच्या आत वरून पुन्हा खाणे, याला अध्यशन म्हणतात. आपली आजी 'जेवणावर जेवण नको रे' म्हणायची ते हेच. आता भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे, निघोजे या भागात तिसऱ्या पाळीला जाणाऱ्या कुठल्याही कामगाराचा दिवस डोळ्यांपुढे आणा. रात्री नऊला घरी जेवला, कारण बायको-मुलांबरोबर बसायची तेवढी एकच वेळ. पहाटे तीनला कॅन्टीनमध्ये पूर्ण ताट, भात-डाळ-चपाती-भाजी, कारण 'कूपन वाया जातं'. मधे दोन-तीन चहा, झोप येऊ नये म्हणून. सुटल्यावर गेटबाहेर पोहे किंवा वडापाव, आणि घरी पोचेपर्यंत बायकोने उठून गरम चपात्या केलेल्या, तिला नाही कसे म्हणायचे? जेवून लगेच झोप. पुढच्या आठवड्यात पाळी बदलली की सगळे घड्याळ उलटे. विषमाशन आणि अध्यशन या शब्दांचा अर्थ समजावून द्यायला याहून चांगले उदाहरण माझ्या वैद्यमित्रालाही सापडले नाही.

हे केवळ पोथीतले आहे असे समजू नका. आपल्या शरीरातल्या पेशींना दिवस-रात्रीचे घड्याळ कसे असते, या शोधासाठी २०१७ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२१ साली बोस्टनमधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकोणीस निरोगी तरुण स्त्री-पुरुषांना प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखे जागवले. काहींना रात्रीही जेवण दिले, काहींना फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, दिवसा जेवणाऱ्यांची लक्षात येण्याइतकी वाढली नाही. जागरण दोघांनाही सारखेच होते. एकोणीस माणसे म्हणजे फार नव्हेत, हे खरे. पण प्रश्न बरोबर विचारलेला आहे. तुम्ही काय खाल्ले यापेक्षा केव्हा खाल्ले.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, सूर्यास्तापूर्वी जेवा, ब्राह्म मुहूर्तावर उठा, हे सांगणे सोपे आहे. पाळी तुम्ही बदलून देणार का? बरोबर आहे. म्हणूनच आयुर्वेदाच्या नावाने दिनचर्येची जी पत्रके वाटली जातात ती वाचून मला थोडा राग येतो. ती दिवसपाळीच्या माणसासाठी लिहिलेली असतात. ग्रंथ मात्र त्या पत्रकांपेक्षा समजूतदार निघाले. दिवसा झोपू नये असा आयुर्वेदाचा सर्वसाधारण नियम. पण रात्री जागलेल्या माणसाला त्यातून सूट आहे. अष्टांगहृदयात वाग्भटाने तर रात्री जागरण झाले असेल तर सकाळी, आणि तेही न जेवता, जागरणाच्या निम्म्या वेळेइतके झोपावे असे सांगितले आहे. निम्म्या झोपेवर माझे समाधान होत नाही. रात्रभर प्रेस चालवलेल्या माणसाला सलग सहा-सात तास झोप हवी, नाहीतर बोट प्रेसखाली जायला वेळ लागत नाही. पण 'भरपेट जेवून झोपू नका' हे मला शंभर टक्के मान्य आहे.

मग तिसऱ्या पाळीचे काय करावे? माझ्या पेशंटांना मी आता जे सांगतो ते सांगतो. मुख्य जेवण कामाला जाण्यापूर्वी, साडेसात-आठला, घरी. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, एखादी उसळ, पालेभाजी, थोडा भात. कामावर डबा न्यायचा तो छोटा, आणि तो शक्यतो एकच्या आत संपवायचा. एक चपाती आणि मटकी, किंवा मूठभर फुटाणे आणि एखादे फळ. पहाटे तीनचे ताट सोडायचे. घरी आल्यावर वाटीभर मुगाची पातळ खिचडी किंवा एखादी भाकरी-भाजी आणि झोप. दुपारी उठल्यावर व्यवस्थित जेवण. पोट किती भरायचे याचेही माप आहे. वाग्भट पोटाचे चार भाग करायला सांगतो, दोन घन अन्नाला, एक पाण्याला, एक मोकळा. आपल्याकडचे कॅन्टीनचे ताट चारही भाग भरून वर ताकाचा ग्लास ठेवते.

एक धोक्याची सूचना, आणि ही अगदी ठळक समजा. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवणाच्या वेळा आपल्या मनाने बदलू नयेत आणि उपासही करू नयेत. आधी डॉक्टरला पाळी सांगून गोळीची वेळ बसवून घ्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या जेवणाला बांधलेल्या असतात, सूर्योदयाला नाही. दरदरून घाम, थरथर, एकाएकी भूक, चिडचिड झाली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा.

आता थोडे 'काय' कडे वळतो, कारण तिथेही आयुर्वेदाच्या नावाने बरेच काही खपते. चाकणपासून निगडीपर्यंत रस्त्याने जाताना 'गुळाचा चहा'च्या पाट्या मोजत जा. साखर वाईट, गूळ आयुर्वेदिक, म्हणून मधुमेही माणूस तिथे दोन-दोन कप पितो. चरकाने प्रमेहाची म्हणजे मधुमेह ज्यात येतो त्या विकाराची कारणे मोजली आहेत. त्यात बैठे सुख आहे, झोपेचे सुख आहे, दही आहे, नवे धान्य आहे, आणि गुळाचे पदार्थही आहेत. गूळ पिऊन चरकाला खूश करता येणार नाही.

नव्या धान्याचे वाचून मला आपला इंद्रायणी आठवला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला हा तांदूळ, आंबेमोहोर आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून आलेला. मावळात आणि खेड तालुक्यात जेवणाचा आनंद म्हणजे नव्या इंद्रायणीचा मऊ भात आणि वर आमटी. पूर्वी घरोघरी तांदूळ वर्षभर ठेवून जुना करून खात. नव्या-जुन्या तांदळाने साखरेत किती फरक पडतो या वादात मी पडत नाही. माझा प्रश्न एवढाच असतो, वाट्या किती? उत्तर बहुधा 'भात काय, थोडासाच' असे येते. मग बायको हळूच तीन बोटे दाखवते.

भाकरीचेही तसेच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होऊन गेले आणि ज्वारी-बाजरी-नाचणीला प्रतिष्ठा आली, याचा मला आनंद आहे. प्रमेहात चरकाने जवाचे पदार्थ सांगितले आहेत. आपल्याकडे जव कोण खातो, पण ज्वारी आहे. मात्र भाकरीही साखर वाढवतेच, जरा सावकाश वाढवते एवढेच. चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्याच. आणि उपासाच्या साबुदाण्याला आयुर्वेदात घालू नका. साबुदाणा टॅपिओकाचा, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळे अमेरिका खंडातून आलेले. चरकाने यातले काहीही पाहिलेले नव्हते. चातुर्मासात कांदा-लसूण सोडून साबुदाणा खिचडीवर ताव मारणारे मधुमेही मला दरवर्षी भेटतात, आणि तेही कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणात!

"पण डॉक्टर, मी तर सडपातळ, मला कशी साखर?" हा इथल्या कामगारांचा नेहमीचा प्रश्न. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. यूडकिन यांच्याबरोबर २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघे शेजारी उभे. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे सारखे, २२.३. पण शरीरातली चरबी यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय वरून बारीक दिसतो, आतून नसतो. आणि गंमत पाहा, चरकानेही प्रमेहाचे रुग्ण स्थूल आणि कृश असे दोन प्रकारचे सांगून दोघांना वेगवेगळे उपचार सांगितले आहेत. म्हणजे शेजारच्या जाड्या माणसाला मानवलेला उपास तुम्हाला मानवेलच असे नाही. व्यायामाबाबत सुश्रुत जास्त कडक. निर्धन प्रमेही रुग्णाला तो शंभर योजने चालायला किंवा विहिरी खणायला सांगतो! योजनाचे माप ग्रंथागणिक बदलते, पण आळंदी ते पंढरपूरची वारी कितीतरी वेळा होईल एवढे ते अंतर खास. आकुर्डीला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा दर्शनाला गाडीने जाऊन पार्किंग शोधणाऱ्यांनी याचा विचार करावा.

एक गोष्ट मला सगळ्यांत उपयोगी वाटली, आणि ती फुकट आहे. वाईट सवय एका दिवसात सोडू नये, चौथ्या-चौथ्या भागाने सोडावी, असे चरक म्हणतो. पादांशिक क्रम असे त्याचे नाव. दिवसाला सहा कटिंग चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, असे पिणाऱ्याला मी पूर्वी 'आजपासून बिनसाखरेचा' असे फर्मान काढीत असे. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा दोन चमच्यांवर. आता मी सांगतो, पहिले दोन आठवडे दीड चमचा, मग एक, मग अर्धा, मग शून्य. याने सुटतो. सगळ्यांचा नाही, पण बऱ्याच जणांचा.

ज्या अध्यायात हा क्रम आहे त्याचे नावच 'नवेगान्धारणीय'. शरीराचे वेग अडवू नयेत, यावर सबंध अध्याय. तेरा वेग सांगितले आहेत. त्यांत मूत्र आहे, भूक आहे, तहान आहे, झोप आहे, श्रमाने लागलेली धापही आहे. हे नाव मित्राच्या तोंडून ऐकले तेव्हा मला एकदम माझ्या दवाखान्यात येणाऱ्या मुली आठवल्या. जुळणीच्या लाइनवर काम करणाऱ्या, विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या, वीस-बावीस वर्षांच्या. खराबवाडीत, नाणेकरवाडीत एका खोलीत चार-चार जणी राहतात. लघवीला जळजळ, ताप, कंबरदुखी घेऊन येतात. पाणी किती पितेस? "कमी पिते, सर." का? "लाइन सोडता येत नाही. बदली माणूस आला तरच जायचं, आणि गेलं की पाच मिनिटांचा हिशेब द्यावा लागतो." म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. मी गोळ्या लिहून देतो, तीन महिन्यांनी तीच मुलगी पुन्हा तेच घेऊन येते. तिला मी कुठले चूर्ण देऊ? धने-जिऱ्याचे पाणी चांगले आहे, पण प्यायल्यावर जायचे कुठे?

यातल्याच एका कारखान्यात मला आरोग्य शिबिराला बोलावले होते. नाव सांगत नाही. दारात फ्लेक्स, 'आयुर्वेद अपनाओ, निरोगी बनो'. प्रत्येकाला काढ्याचे पाकीट आणि एक तुळशीचे रोप. एच.आर.च्या साहेबांनी मला विचारले, डॉक्टर, आयुर्वेदाबद्दल आणखी काही करता येईल का? मी म्हणालो, लाइनवर दर तासाला एक बदली माणूस ठेवा, आणि रात्री तीनचे जेवण बाराला द्या, तेही हलके, भात कमी करून उसळ वाढवा. ते हसले आणि म्हणाले, कल्पना चांगली आहे. पुढच्या वर्षी मला शिबिराला बोलावले नाही. कारखान्यात कॅन्टीन असावे, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे, हे १९४८च्या कारखाना कायद्यात लिहिले गेले, म्हणजे मी जन्मायच्या कितीतरी आधी. कॅन्टीनमध्ये काय आणि किती वाजता मिळावे, हे ठरवायला कायदा लागत नाही. कॅन्टीन कमिटीत कामगारांचे प्रतिनिधी असतात. चिकन कधी आणि गोड कधी यावर ते भांडतात, हे मी ऐकून आहे. एकदा वेळेवरही भांडावे.

औषधांबद्दल थोडक्यात. आयुर्वेदाची औषधे निरुपद्रवी असतात, हा समज सोडून द्या. २००४ साली अमेरिकेतल्या 'जामा' नियतकालिकात बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी उकळत होता. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद आहे. पण कावीळ झालेला माणूस माझ्यासमोर येतो तेव्हा 'घरगुती काय घेता' हे मी आता आधी विचारतो. बिनलेबलाच्या साखरेच्या चूर्णांत तर ॲलोपॅथीच्याच गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पदवीधर वैद्याकडून, चिठ्ठीवर लिहून घेतलेले औषध वेगळे. माझा मित्र कुणाचे इन्सुलिन बंद करत नाही. तो म्हणतो, मी बंद करणारा नाही, कमी करायची वेळ आली तर तुझ्याकडे पाठवणारा.

तर ते प्रेस शॉपचे गृहस्थ. त्याच रात्री त्यांना महापालिकेच्या रुग्णालयात पाठवले. करंगळी काढावी लागली, पाय वाचला. दोन महिने इन्सुलिनवर होते. आता गोळ्यांवर आहेत. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात गोळीची वेळ वेगळी आणि गोळीही वेगळी, उपाशीपोटी साखर फार खाली न नेणारी. तीन महिन्यांची सरासरी साखर त्या वेळी ११.६ होती, गेल्या खेपेला ८.१. अजून जास्तच आहे. तीनचे ताट त्यांनी सोडले, पण गेटबाहेरचा वडापाव अजून सुटत नाही, असे त्यांच्या पत्नी माझ्यासमोरच म्हणाल्या. पादांशिक क्रमाने, मी म्हणालो. त्यांना शब्द कळला नाही, पण हिशेब कळला. "म्हणजे आधी दोनचा एक," त्या म्हणाल्या.

माझ्या दवाखान्यातल्या केसपेपरवर नाव, वय आणि वजन यांच्या खाली मी एक नवी ओळ छापून घेतली आहे: पाळी कोणती, जेवण किती वाजता, झोप किती वाजता. छापायला दोनशे रुपये जास्त पडले. तुमच्या डॉक्टरांकडे अशी ओळ नसेल, तर पुढच्या वेळी जाताना चिठ्ठीच्या पाठीमागे तुम्हीच लिहून न्या.